राणीची खाज आणि फेसातली दहा मिनिटं

आमच्या कुत्रीच्या, राणीच्या पोटावर आधी बारीक लाल पुटकुळ्या आल्या, टोकाला थोडासा पू असलेल्या. त्या फुटल्या की गोल चट्टा राहायचा आणि त्याच्या कडेने कागदासारखी पातळ साल सुटलेली असायची. केस झडले, मधली कातडी काळपट पडली. घरातल्या सगळ्यांना ते गजकर्णच वाटलं. निघाला मात्र तो जिवाणूंचा संसर्ग. तसं वाटणारच, कारण असा संसर्ग आणि गजकर्ण नुसत्या डोळ्यांना बरेचदा सारखेच दिसतात. फरक मोठा आहे. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि कुत्र्याकडून माणसालाही लागतं. त्यामुळे घरी काहीही सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून घ्याच, असं मी प्रत्येकाला सांगते.

तपासणी फार साधी होती. डॉक्टरांनी एका चट्ट्यावर काचपट्टी दाबली, ती रंगात बुडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलाही बघू दिलं. गोल गोल जिवाणूंचे पुंजके दिसले, भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी. स्टॅफिलोकोकस सुडइंटरमिडियस नावाचा हा जिवाणू निरोगी कुत्र्याच्या नाकातोंडात आणि अंगावरही असतो. कातडी कशानेही दुबळी झाली की तो माजतो. काखेतल्या नमुन्यात मात्र वेगळंच काही होतं, भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे कण. ते मॅलासेझिया हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी. राणीच्या काखांना येणारा तो तेलकट, कुबट वास त्याचाच. किडे आहेत का हे पाहायला डॉक्टरांनी कातडी थोडी खरवडूनही तपासली. त्यात काही सापडलं नाही.

मी गोळ्या मिळतील अशा अपेक्षेने गेले होते आणि हातात आली शाम्पूची बाटली. संसर्ग वरवरचा असेल तर आधी बाहेरूनच उपचार करायचे, उगाच प्रतिजैविकं द्यायची नाहीत, नाहीतर औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. शाम्पूत जिवाणूंसाठी क्लोरहेक्सिडिन आणि यीस्टसाठी मायकोनॅझोल होतं. आठवड्यातून दोनदा अंघोळ, आणि फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं ठेवायचा.

सगळा उपचार त्या दहा मिनिटांत आहे. शाम्पू लावून लगेच धुतला तर कुत्रा स्वच्छ होतो, पण औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. मी मोबाइलवर वेळ लावायची, तीही फेस सगळीकडे पोचल्यावर. पाणी कोमट, गरम पाण्याने खाज वाढते. अंग आधी कातडीपर्यंत भिजवायचं. राणीचे केस दाट आहेत, वरून ओली दिसली तरी आत बोट घातलं की कोरडी लागते. मग सुरुवात सगळ्यात खराब जागेपासून: काखा, पोट, जांघा, बोटांच्या मधल्या फटी. तिथे औषध सर्वांत जास्त वेळ राहतं. चोळायचं हलक्या हाताने, खपल्या नखांनी काढायच्या नाहीत. फेस चाटू नये म्हणून एक हात तिच्या हनुवटीखाली आणि तोंडाने अखंड बडबड. धुताना पाणी निथळून स्वच्छ येईपर्यंत ओतत राहायचं. शेवटी टॉवेलने टिपून कोरडं करायचं, विशेषतः घड्या, कारण ओल राहिली की यीस्टला हवं तेच मिळतं.

दोन गोष्टी डॉक्टरांनी बजावल्या होत्या. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, बुबुळाला इजा होते. आणि कानाच्या आत ते वापरायचं नाही. साध्या साबणाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दुसरं काही आधी लावलं असेल तर ते पूर्ण धुऊन काढायचं.

मधल्या दिवसांत औषधी फडक्यांनी पंजे आणि काखा पुसायच्या आणि तिला अंग चाटता येऊ नये म्हणून गळ्यात कोन ठेवायचा. कोन घातल्यावर ती दाराला धडकायची, रुसून बसायची, माझा जीव तुटायचा. तरी काढला नाही. रात्रभराच्या चाटण्याने दिवसभराची मेहनत वाया जाते.

या काळात माया करणाऱ्या प्रत्येकाकडून सल्ला आला. तेल लाव, हा सगळ्यात जास्त. मॅलासेझिया स्निग्ध पदार्थांवरच वाढतं, म्हणून तेल साफ नको. टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने बऱ्या होऊ पाहणाऱ्या पेशीही मरतात. माणसांच्या खाजेच्या मलमांत बरेचदा स्टिरॉइड असतं. लाली चटकन उतरते, आतला संसर्ग पसरतो, शिवाय कुत्रं ते चाटतं. आणि दुखतंय म्हणून आपल्या घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही. त्याने कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

पहिला बदल वासात जाणवला. मग नव्या पुटकुळ्या थांबल्या. चट्टे फिके व्हायला वेळ लागला, केस यायला त्याहून जास्त. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण 3 आठवडे लागतात. कातडी स्वच्छ दिसू लागल्यावरही डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंघोळी आणखी काही दिवस चालू ठेवल्या. लोक नेमके इथेच थांबतात आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. दोन आठवड्यांत काहीच फरक नसता तर पू तपासायला पाठवून कोणतं औषध लागू पडतं ते पाहावं लागलं असतं. खोल जखमा, रक्त येणाऱ्या गाठी, ताप, खाणं सोडणं यांपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

कुत्र्याच्या कातडीचा संसर्ग बहुतेक वेळा आपणहून होत नाही, मागे काहीतरी असतं. आधी आम्ही पिसवा शोधल्या: बारीक दाताच्या फणीने केस विंचरायचे आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. राणीच्या अंगावर काही निघालं नाही, तरी पिसवांचं औषध चालूच ठेवलं. अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात.

मग राहिली उरलेली खाज. संसर्ग पूर्ण गेला, कातडी स्वच्छ झाली, तरी राणी पंजे चावत होती. डॉक्टरांना हेच बघायचं होतं. संसर्ग असताना खाज कशाची ते कळत नाही. तो गेल्यावर जी उरते ती मूळ दुखण्याची. त्यावरून खाण्याची चाचणी ठरली: किमान 8 आठवडे, तिने पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच मांस आणि बाकी काहीही नाही. बिस्कीट नाही, चघळायची काडी नाही, चवीचं औषधसुद्धा नाही. ही चाचणी अंघोळींपेक्षा अवघड गेली, कारण घरातल्या प्रत्येकाला तिच्याकडे बघून पाझर फुटतो. पण पंजे चावणं हळूहळू थांबलं. मग मुद्दाम तिचं जुनं खाणं पुन्हा सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत खाज परतली. त्यातलं कोंबडीचं मांस बंद केल्यावर गेली. आता शाम्पू आठवड्यातून एकदाच, आणि अंघोळीच्या वेळी काखा उघडून पाहायच्या.