एकच गट, एकच वही : विश्वासाचे शिक्षण आणि सेवाकार्य एकत्र चालवण्याचा माझा अनुभव

बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) विश्वासाच्या शिक्षणाचा वर्ग एका वारी भरतो आणि सेवाकार्याची समिती दुसऱ्याच वारी बसते. वर्गातल्यांना समितीत काय चालले आहे ते ठाऊक नसते. समितीतल्यांनी एकत्र बसून वचन, म्हणजे बायबल, शेवटचे कधी वाचले, हे कोणाला आठवत नाही. हे दोन प्रवाह वेगळे ठेवले की दोन्ही आटतात, असा माझा अनुभव आहे. वर्गाची परीक्षा होते, सेवेचा खटाटोप होतो. म्हणून आम्ही आता दोन्हींचा मिळून एकच क्रम घालतो : छत्तीस आठवडे, एक गट, एक वही.

पहिले सहा आठवडे गट भरवायचाच नाही. उत्साहाच्या भरात लगेच पहिली बैठक ठेवली, तर ती ज्यांना काहीही सुरू झाले की यायचेच असते त्यांनीच भरते. या सहा आठवड्यांत पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि पंच (मंडळीचा कारभार पाहणारे) यांच्याबरोबर बसून गट कोणासाठी आहे ते नक्की करतो. बाप्तिस्म्याची किंवा दृढीकरणाची (बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीची) तयारी करणारे असतात. वर्षानुवर्षे उपासनेला येऊन मागच्या बाकावरून गुपचूप निघून जाणारेही असतात. माझ्या मते या दुसऱ्यांकडे मंडळीचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण ते हजर असतात आणि हजेरी दिसली की आपण निर्धास्त होतो.

गट आठ ते दहा जणांचा. बारापलीकडे गेला की चौघे बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. सहाच्या खाली आला की दोघे आजारी पडताच बैठक पडते. पुढारी दोन हवेत. एक चर्चा चालवतो, दुसरा माणसांकडे लक्ष ठेवतो : कोण अचानक गप्प झाले, कोण पान उलटत बसले आहे. उत्तम बोलणाऱ्याला पुढारी करू नये. त्याला शांतता सोसत नाही, आणि या कामात अर्धे शिक्षण शांततेत होते.

याशिवाय प्रत्येकाला एक सोबती लागतो. तो गटाबाहेरचा, मंडळीत मुरलेला, शक्यतो नात्यातला नसलेला. आठवड्यातून एकदा भेट किंवा फोन, उपासनेत शेजारी बसणे आणि वर्षाच्या शेवटी साक्ष देणे, एवढेच त्याचे काम. ही कल्पना नवी नाही. रोमच्या हिप्पोलितस या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या नावे चालत आलेल्या एका प्राचीन मंडळी-नियमावलीत बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना तीन वर्षे शिकवावे असे सांगितले आहे, आणि लगेच पुढे म्हटले आहे की उमेदवार मन लावून झटत असेल तर काळ मोजू नये, वागणूक पाहावी. शेवटी त्यांना घेऊन येणाऱ्यांना विचारायचे ते असे : यांनी विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांची भेट घेतली का, सत्कर्मे केली का? पाठांतराची चौकशी तिथे नाही. हा भाग मी प्रत्येक नव्या सोबत्याला वाचून दाखवतो, कारण त्याच्याकडून आम्हाला नेमकी हीच साक्ष हवी असते.

याच सहा आठवड्यांत दोघादोघांनी मिळून परिसरात फिरायचे आणि विचारायचे. काही द्यायचे नाही, कसली पत्रके नाहीत, नोंद तेवढी करायची. बायबलमध्ये मार्क १०:५१ (मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, ५१ वी ओवी) येथे येशू आंधळ्या बार्तिमयाला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. त्याची अडचण उघड दिसत असतानाही विचारतो. आम्ही मात्र न विचारता ठरवतो. म्हाताऱ्या माणसाला धान्य हवे असेल असे समजून पिशवी नेतो. त्याला हवे असते चष्मा दुरुस्त करून आणणारे कोणीतरी. मंडळीच्या आतही विचारायला हवे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. त्या वाटपासाठी सात जण नेमले. आपल्या यादीतून कोण सुटते, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर असतो.

सातव्या आठवड्यापासून बैठका. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करतो. अध्याय सोळाच आहेत, आणि सगळे सलग मोठ्याने वाचले तर साधारण दीड तास लागतो. बैठका मात्र अठरा ठेवतो, कारण सहावा अध्याय ५६ ओव्यांचा आणि चौदावा ७२ ओव्यांचा; हे दोन्ही दोन भागांत घ्यावे लागतात. चौदावा एका दमात उरकला की गेथशेमाने, म्हणजे अटकेआधी येशूने जिथे व्याकूळ होऊन प्रार्थना केली ती बाग, हातातून निसटते.

बैठक नव्वद मिनिटांची. पहिली वीस मिनिटे मागच्या आठवड्याच्या कृतीची : काय ठरवले होते, झाले का, कुठे अडले. मग उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, दोन वेगवेगळ्या आवाजांत. दोन वाचनांच्या मधे दोन मिनिटे पूर्ण शांतता, घड्याळ लावून. घड्याळ नसेल तर चाळीस सेकंदांतच कोणीतरी घसा खाकरतो आणि शांतता मोडते. दुसऱ्या वाचनानंतर प्रत्येकाने मनात अडकलेला शब्द किंवा वाक्य तेवढे म्हणायचे, कारण द्यायचे नाही. हे फार महत्त्वाचे आहे. ज्याला 'मला शास्त्र कळत नाही' असे वाटते, तोही एक शब्द म्हणू शकतो, आणि एकदा आवाज फुटला की पुढचे सोपे जाते.

त्यानंतर तीन प्रश्न. या उताऱ्यात देव कसा दिसतो? माणसे कशी दिसतात? पुढच्या बैठकीपर्यंत मी काय करणार? पहिल्या दोन प्रश्नांना मिळून चाळीस मिनिटे, तिसऱ्याला पंधरा, उरलेला वेळ प्रार्थना. प्रश्न विचारल्यावर पुढाऱ्याने मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. दहाव्या आकड्याला वाटते की कोणालाच काही सुचत नाही, आणि पंधराव्याच्या आसपास सर्वांत संकोची माणूस तोंड उघडतो. पुढाऱ्याने आधीच उत्तर दिले, की तो माणूस त्या दिवशी पुन्हा बोलत नाही.

तिसऱ्या प्रश्नात बहुतेक गट घसरतात. 'मी जास्त प्रेमाने वागेन' ही कृती नाही. कृतीला वार लागतो, माणूस लागतो आणि ती झाली की नाही हे सांगता यावे लागते. 'बुधवारी संध्याकाळी भावाला फोन करेन, आठ महिने बोललो नाही' ही कृती. वहीत ती त्याच शब्दांत उतरवतो. पुढच्या बैठकीत विचारणा होते तेव्हा सूर हिशेब मागण्याचा नसावा. झाले नसेल तर 'काय आडवे आले?' एवढेच. आडवे आलेले सांगता सांगता माणूस जे बोलतो, ते पुष्कळदा त्याचे खरे पापकबूलपत्र असते.

सेवाकार्य पाचव्या बैठकीपासून. शिकून तयार झाल्यावर सेवा करू, असा सर्वसाधारण समज असतो. पण लूक १० मध्ये प्रभूने सत्तर जणांना (काही हस्तलिखितांत बहात्तर) दोघादोघांनी पाठवले, तेव्हा त्यांचे शिक्षण कुठे पुरे झाले होते? परत आल्यावर त्यांनी सांगितले आणि त्याने त्यांना शिकवले. पाठवणे, परत येणे, सांगणे, शिकणे : आमचा आठवडा याच चाकावर फिरतो. त्याच अध्यायात आणखी एक सूचना आहे, घर बदलू नका आणि पुढे ठेवतील ते खा. म्हणजे जाणारा पाहुणा आहे, दाता नाही. म्हणून एका जोडीला दोनच घरे देतो आणि वर्षभर तीच ठेवतो. दहा घरे दिली की भेटींचा आकडा वाढतो आणि ओळख होत नाही.

भेट अर्ध्या तासाची. आधी कळवून जायचे, बसायला सांगतील तिथे बसायचे, आपला फोन बंद. पहिल्या तीन भेटींत प्रार्थनेचा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर जरूर करायची, आणि पुढे विचारताना 'नको' म्हणायला जागा राहील असे विचारायचे. आजाऱ्याच्या उशाशी दुःखाची कारणे सांगायची नाहीत. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. बोलू लागल्यावर चुकले. वाचायचेच असेल तर स्तोत्र १३. आणि ज्याला आशेचे शब्द टोचतात, त्याच्यासाठी स्तोत्र ८८. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, हे ऐकून माणसाचा ताठरलेला चेहरा सैलावताना दिसतो.

पैशाचा नियम कडक आहे. जोडीने स्वतःच्या खिशातून द्यायचे नाही. मदत पंचांमार्फत, दोघांच्या सहीने. आणि मदतीला उपासनेच्या हजेरीची अट कधीही, अप्रत्यक्षपणेही नाही. 'रविवारी या, तिथेच देतो' हे वाक्यसुद्धा अट आहे. यात तडजोड झाली की सुवार्तेचे मोल जाते, आणि समोरचा माणूस विश्वासाबद्दल पुन्हा मोकळेपणाने बोलत नाही.

वहीत काय लिहायचे यावरही एकमत लागते. तारीख, कोण गेले, काय मागितले, पुढे काय करायचे, एवढेच. विश्वासाने सांगितलेले दुःख वहीत येत नाही आणि प्रार्थनासभेतही येत नाही. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते' या वाटेने मंडळीत जितकी गुपिते फुटतात तितकी दुसऱ्या कशाने नाही. अपवाद एकच : एखाद्या मुलाला किंवा कोणाच्याही जिवाला धोका असेल तर गुप्तता नाही, त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवायचे. हे पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगतो, म्हणजे पुढे कोणाला दगा झाल्यासारखे वाटत नाही.

गट कोमेजतो तो अकराव्या ते चौदाव्या बैठकीच्या दरम्यान. नवेपण ओसरलेले असते, मार्कमध्ये वधस्तंभाची चाहूल लागलेली असते आणि भेटींच्या घरांतली अडचण आपल्या हाताने सुटणारी नाही हे उमगलेले असते. या वेळी नवा कार्यक्रम घालू नये. आम्ही एक बैठक मोकळी ठेवतो, वही काढतो आणि पहिल्यापासून वाचतो. सोबत्यांनाही त्या दिवशी बोलावतो. दोनदा गैरहजर राहिलेल्याकडे पुढाऱ्याने नाही, सोबत्याने जायचे. पुढारी गेला की ती तपासणी वाटते.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळी १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी बारा-बारा जणांचे वर्ग पाडले, आणि प्रत्येक वर्गाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघर एकेक पेनी गोळा करायची असे ठरले. पैसे आणायला गेलेल्या पुढाऱ्यांना घरात माणसे कशी जगतात ते दिसले, आणि वसुलीची ती व्यवस्था आत्मिक काळजीची व्यवस्था झाली. नियमित जाणे आधी आले, समज मागून आली. कोमेजलेल्या गटाला मी हे आवर्जून सांगतो.

उरलेल्या बारा बैठकांत प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वास थोडक्यात सांगणारी जुनी कबुली) आणि दहा आज्ञा, प्रत्येकी चार. पाठांतर करतोच, त्याला कमी लेखू नये; आजारपणात आणि स्मशानात पाठ असलेलेच ओठांवर येते. पण आता शब्दांना वजन आलेले असते. 'आमची रोजची भाकर' म्हणताना 'आमची' मध्ये ती दोन घरेही येतात. हीच बैठक पहिल्या महिन्यात घेतली तर तो अर्थ पुढाऱ्याला समजावून सांगावा लागतो.

मुलांना शब्बाथ शाळेवर (मंडळीत मुलांसाठी भरणाऱ्या रविवारच्या वर्गावर) सोपवून मोकळे होण्याचा मोह टाळायचा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातील ६:७ ही ओवी शिकवण्याची जागा घर, वाट, निजणे आणि उठणे ही सांगते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली लिहिली तीही कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणून. आमच्या गटातल्या आईवडिलांना रोज पाच मिनिटे : चार ओव्या, एक प्रश्न, एकमेकांसाठी एक वाक्य प्रार्थना. पंधरा मिनिटे ठरवली की तिसऱ्या दिवशी बंद पडते. मुलांना भेटीला न्यायचे तर घरात कोण आहे ते आधी पाहून, आणि मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ, दार उघडे.

शेवटच्या बैठकीत सोबती एकेक करून उभे राहतात आणि वर्षभरात काय पाहिले ते दोन मिनिटांत सांगतात. गुण गाणारे भाषण नको, पाहिलेली एक गोष्ट हवी. मग पाळक गटासाठी प्रार्थना करतात. पुढच्या वर्षाच्या दोन पुढाऱ्यांपैकी एक याच गटातून घेतो आणि दुसरा जुना ठेवतो. दोन्ही घरे पुढे कोणाची हे त्याच दिवशी ठरते. घरच्यांना नव्या माणसाची ओळख जुन्या जोडीनेच, सोबत जाऊन, निदान दोन भेटींत करून द्यायची. वहीतल्या प्रत्येक घरापुढे नवे नाव लिहून झाले की मगच ती नव्या पुढाऱ्यांच्या हाती जाते.