ग्रीन व्हायचंय, पण गाळा भाड्याचा आहे

आज रबाळे एमआयडीसीत मित्राच्या प्लेटिंग युनिटला गेलेलो, टू व्हीलरचे ब्रॅकेट, नटबोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर झिंकचा थर चढवून देतो तो. म्हटलं छतावर सोलर का नाही टाकत रे, तर हसला, गाळा भाड्याचा, छत मालकाचं, करार ११ महिन्यांचा, आणि सोलरचा पैसा वसूल व्हायला वर्षं लागतात!! यावर काय बोलणार.

पण खरा विषय क्रोमचा. झिंकवर जो शेवटचा थर देतात तो आधी हेक्साव्हॅलंट क्रोमचा असायचा, स्वस्त, जरा इकडेतिकडे झालं तरी काम चालून जायचं, पण विषारी, कॅन्सर करणारा. युरोपात गाड्यांच्या पार्टमध्ये २००७ पासूनच बंदी. ह्याने त्याऐवजी ट्रायव्हॅलंट क्रोम सुरू केलं, खूपच कमी विषारी, पण त्याचं केमिकल महाग, पीएच, टेंपरेचर सारखं बघत बसायचं, बाथमध्ये, म्हणजे पार्ट बुडवायच्या केमिकलच्या टाकीत, थोडं लोखंड उतरलं की माल रिजेक्ट. आणि कस्टमर म्हणतो पार्ट ग्रीन पाहिजे पण रेट जुनाच, उलट दरवर्षी थोडा कमी करा. वर पेमेंट ९० दिवसांनी. कायद्यात ४५ दिवस आहेत हो, पण ऑर्डर देणाऱ्याशी भांडणार कोण?

लोनसाठी बँकेत गेला तर मॅनेजर म्हणाले तारण काय देताय.

आपल्याकडे ग्रीन म्हटलं की सगळे ईव्हीचे फोटो टाकतात, त्या ईव्हीचा बोल्टपण अशाच कुठल्यातरी गाळ्यातून जातो ना. मला तर वाटतं सबसिडी शोरूमपर्यंत पोचते, रबाळ्यापर्यंत नाही. तुमच्यापैकी कोणाला लहान युनिटसाठी बिनतारण लोन खरंच मिळालंय का, असेल तर सांगा, त्याला पाठवतो.