हॅलोविनआधीच्या रात्री: कुठला भयपट, कधी आणि कसा

भयपट बघून भीती वाटली नाही की आपण दिग्दर्शकाला बोल लावतो. पुष्कळदा दोष हॉलमधल्या ट्यूबलाइटचा असतो. हे चित्रपट काळोख आणि शांतता या दोन गोष्टींवर उभे असतात, आणि पुण्यात सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ऑक्टोबर महिन्यात नेमक्या त्याच मिळत नाहीत. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो, वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकत असतात, आणि दिवाळी जवळ आली की फटाके सुरू होतात. म्हणून खाली नुसती नावं दिलेली नाहीत. कुठला चित्रपट कुठल्या रात्री, किती उजेडात आणि किती आवाजात पाहायचा, तेही सांगितलं आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. कमी दाखवणारे चित्रपट आधी पाहावेत, जास्त दाखवणारे नंतर. रक्तामांसाला सरावलेल्या डोळ्यांना तळ्यापलीकडे नुसती उभी असलेली बाई जाणवतच नाही. रात्री एकच चित्रपट पाहावा. ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, आधीच्या दोन आठवड्यांत सात-आठ झाले तरी भरपूर.

पहिल्या रात्रीआधी टीव्हीची सेटिंग्ज बघून घ्या. ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ अशा नावाचं जे काही असेल ते बंद करा. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच तयार करून घालतो आणि चित्रपट रोजच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. ‘पॉवर सेव्हिंग’ आणि ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ही बंद. यांच्यामुळे अंधारा प्रसंग आला की पडदा आपोआप आणखी मंदावतो किंवा काळं राखाडी होतं. ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड असेल तर तो लावला की यातलं बरंचसं काम होऊन जातं. मग एखाद्या अंधाऱ्या प्रसंगात चित्र थांबवून पाहा. माणसाचे काळे केस मागच्या अंधारापासून वेगळे दिसत नसतील तर ब्राइटनेस एक-दोन घरं वाढवा. वर-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसत असतील तर कमी करा. खोलीत मिट्ट काळोख केला की डोळे दुखतात. त्यापेक्षा टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून झिरोचा बल्ब लावा. ५५ इंची टीव्ही असेल तर सात फुटांवर बसा, ४३ इंची असेल तर साडेपाच-सहा फुटांवर. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवलेला असतो आणि टीव्ही समोरच्या टोकाला. त्या एका रात्रीपुरती खुर्ची पुढे ओढायला हरकत नाही.

सुरुवात ‘द इनोसन्ट्स’ने करा. १९६१ चा, जॅक क्लेटनचा, कृष्णधवल. आडगावातल्या प्रचंड घरात दोन मुलांना सांभाळायला आलेली बाई, बस्स एवढंच कथानक. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी फिल्टरच्या कडा रंगवून चौकटीच्या दोन्ही बाजू काळ्या करत नेल्या आहेत, त्यामुळे मधला मेणबत्तीचा उजेड तेवढा उरतो आणि आपली नजर सारखी कडेला जाते. चित्रपट सुरू होताना पडदा पूर्ण काळा असतो आणि एका मुलीचं गाणं ऐकू येतं. टीव्ही बिघडला समजून पुढे ढकलू नका, ते गाणं पुढे कामाला येणार आहे. सगळ्यात भीतिदायक प्रसंग भर दिवसाचा आहे: तळ्याच्या पलीकडे लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक आकृती, लांब, स्थिर. तिथे कॅमेरा झडप घालत नाही, संगीत किंचाळत नाही. हा प्रसंग ज्याला लागला, त्याला पुढचे सगळे भयपट जास्त दिसतात.

‘तुंबाड’ची तारीख ठरवू नका, परतीच्या पावसाची वाट पाहा. ऑक्टोबरात संध्याकाळी सिंहगडाच्या बाजूने ढग दाटून आले आणि वीज गेली नाही, की ती रात्र ‘तुंबाड’ची. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला आला, सप्टेंबर २०२४ मध्ये थिएटरात पुन्हा लागला, आणि तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यातला पाऊस हे नुसतं वातावरण नाही; तो देवांचा कोप आहे आणि जवळजवळ प्रत्येक चौकट त्याने भिजलेली आहे. पुणेकरांनी हा चित्रपट जास्त बारकाईने पाहावा असं मला मनापासून वाटतं. त्यातला वाडा म्हणजे दिवे घाट ओलांडून गेल्यावर सासवडला लागणारा पुरंदरे वाडा, आणि नायक गावातून मुद्रा आणून मोडतो तो पुण्यातच. कथेला नारायण धारपांच्या ‘आजी’ची प्रेरणा आहे. धारप वाचून वाढलेल्याला साखळदंडातली ती म्हातारी पाहताना ओळखीची भीती वाटेल.

विहिरीतून खाली उतरल्यावरचा प्रसंग नीट पाहा. जमिनीवर पिठाचं रिंगण, मधे कंदिलाचा तांबूस उजेड, आणि कणकेची बाहुली. हस्तर, म्हणजे खाली अडकलेला हव्यासी देव, त्या बाहुलीवर तुटून पडतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मुद्रा ओढायच्या. पूर्ण योजना एकही शब्द न बोलता कळते: भुकेल्याला खायला घालायचं आणि तेवढ्या वेळात लुटायचं. रिंगणाची रेघ किती पातळ आहे आणि उजेड कुठे संपतो, हे दिसलं नाही तर प्रसंगातली निम्मी धाकधूक जाते. मोबाइलवर, तेही दिवसा, ‘तुंबाड’ पाहणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. शिवाय ऑनलाइन पाहताना नेटचा वेग कमी पडला की सगळ्यात आधी अंधाराची वाट लागते. कमी डेटात चित्र बसवताना काळ्याच्या बारीक छटा गाळल्या जातात आणि त्या जागी चौकटी-चौकटींचे डाग दिसतात. रात्री नऊ ते अकरा अख्खी सोसायटी नेटवर असते. ॲपमध्ये दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता सगळ्यात वरचा निवडा आणि राउटरपासून टीव्हीला थेट केबल लावता आली तर लावा.

‘लपाछपी’ त्यानंतर लगेच नको, दोन दिवस जाऊ द्या. विशाल फुरियांचा हा २०१७ चा मराठी चित्रपट. पूजा सावंत आणि उषा नाईक. भीती इथे उसाच्या फडात राहते, उन्हात, आणि ऑक्टोबरात आपल्याकडे गळीत हंगाम तोंडावर असतो, ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. फडात शिरल्यावर चार पावलांनी दिशा हरवते हे ज्याला माहीत आहे, त्याला हे सगळं फार जवळून लागतं. उषा नाईकांचं मायेने बोलणं ऐकताना अंगावर जो काटा येतो तो कुठल्याही मेकअपने आला नसता. फुरियांनीच पुढे २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला. आधी मराठीच पाहा. घरात कोणी गरोदर असेल तर मात्र हा चित्रपट यंदा बाजूला ठेवा.

कोजागरीला लोक नाहीतरी जागे असतात, त्या रात्री गच्चीवर ‘नोस्फेराटू’ लावा. १९२२ चा मुर्नाऊचा मूकपट. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. मूकपटाला लहान स्पीकरवरचं हळू संगीत पुरतं आणि पोराटोरांच्या गप्पांनीही बिघडत नाही. पण प्रत कुठली ते आधी तपासा. या चित्रपटातले रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून नंतर फिल्म निळी रंगवली होती. नेटवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींमध्ये तो रंगच नाही, त्यामुळे रक्तपिपासू सरदार चक्क उन्हात शवपेटी घेऊन फिरताना दिसतो आणि बघणारे हसतात. दुसरा घोटाळा वेगाचा: काही प्रतींमध्ये चित्र जास्त वेगाने पळवलेलं असतं आणि माणसं तुरुतुरु चालतात. रंगांसह, हान्स एर्डमानच्या मूळ संगीतावर आधारलेली मुर्नाऊ प्रतिष्ठानची प्रत साधारण ९४ मिनिटांची आहे, ती घ्या. प्रोजेक्टर घेताना खोक्यावरच्या हजारोंच्या आकड्यावर जाऊ नका, एएनएसआय ल्यूमेन (उजेडाचं प्रमाणित माप) किती ते पाहा. ३०० ते ५०० असतील तर चित्र ८० इंचांपेक्षा मोठं करू नका. चादर एकेरी लावली तर उजेड आरपार जातो, दुहेरी करा आणि चारही कोपरे ताणून बांधा. पांढरी रंगवलेली भिंत असेल तर चादरीचा खटाटोपच नको.

आता आवाज. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि मग किंकाळी आली की घाईने कमी करायचा, ही घरोघरची तक्रार आहे. कारण साधं आहे: चित्रपटाचा आवाज पाच-सहा स्पीकरसाठी केलेला असतो, संवाद मधल्या स्पीकरला, आणि टीव्हीला स्पीकर दोनच. ॲपच्या ऑडिओ पर्यायात ‘स्टिरिओ’ असेल तर तो घ्या. ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ला हात लावू नका. ते हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर आणतात, म्हणजे दचकायची सोयच काढून घेतात. पहिल्या पाच मिनिटांत साधं बोलणं सहज ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि रिमोट लांब ठेवून द्या. स्पीकर ब्लूटूथने जोडला तर आवाज क्षणभर मागे राहू शकतो; दार आपटलेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं. साउंडबार असेल तर टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला केबलने जोडा.

हे केल्यावर रामगोपाल वर्मांचा ‘भूत’ पाहा, २००३ चा. उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट, जिना, आणि मधे एकही गाणं नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हवेलीपेक्षा हेच जास्त झोंबतं. उर्मिला मातोंडकरचं काम यात फार मोठं आहे, तिच्या इतर गाजलेल्या भूमिकांच्या गर्दीत ते झाकोळलं जाऊ नये. राहुल सदाशिवनचा मल्याळम ‘भ्रमयुगम’, २०२४ चा, पूर्ण कृष्णधवल आणि मामुट्टींचं हास्य. डबिंग न घेता सबटायटलवर पाहा, तो आवाजच चित्रपट आहे.

फटाके ज्या रात्री फुटणार, त्या रात्री जवळजवळ निःशब्द चालणारा ‘अ क्वाएट प्लेस’ लावणं म्हणजे पैसे पाण्यात. दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरलाच होती. अशा रात्रींसाठी गोंगाटाचे चित्रपट राखून ठेवा: कोरियन ‘ट्रेन टू बुसान’, किंवा जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. प्रदर्शनाआधी नाव बदलताना शीर्षकावरची कॉपीराइटची ओळ गळाली, म्हणून अमेरिकेत हा चित्रपट पहिल्यापासून कोणाच्याच मालकीचा राहिला नाही. तेव्हापासून त्याच्या वाईट प्रतींचा सुळसुळाट आहे. रंग भरलेली प्रत टाळा, ‘तिसावं वर्ष’ म्हणून नवे प्रसंग घुसडलेली तर नक्कीच टाळा. ९६ मिनिटांची कृष्णधवल, नव्याने दुरुस्त केलेली प्रत शोधा.

प्रतींचा हाच घोळ ‘द शायनिंग’ आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’चा. ‘शायनिंग’ ११९ मिनिटांचा दिसला तर तो कापलेला आहे; १४४ मिनिटांचा घ्या. ‘एक्झॉर्सिस्ट’चं उलट: पहिल्यांदा पाहणाऱ्याने १९७३ चा मूळ, १२२ मिनिटांचा पाहावा, २००० ची दहा मिनिटं लांब प्रत नंतर.

लहान मुलांना यातलं काहीही नको. त्यांना संध्याकाळी ‘झपाटलेला’ लावून द्या आणि तात्या विंचूवर सोडा. तरीही सहा-सात वर्षांच्या आतल्यांना बाहुल्याची भीती बसू शकते, शेजारी बसून पाहा. प्रमाणपत्रावर आता यूए ७, १३ आणि १६ अशा वेगळ्या पायऱ्या आहेत, त्या वाचून ठरवा.

३१ तारखेची रात्र जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’ची. १९७८ चा, ९१ मिनिटांचा, आणि गोष्ट त्याच रात्रीची. मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टनचा बाजारात मिळणारा रबरी चेहरा, पांढरा फासलेला. संगीत कार्पेंटरचं स्वतःचं, पाच मात्रांचं. चार मात्रांनंतर सम येईल म्हणून कान थांबतो आणि ती येत नाही, म्हणून पहिल्या मिनिटापासून अस्वस्थ वाटतं. चौकट अतिशय रुंद आहे आणि तो मारेकरी बहुतेक वेळा तिच्या कडेला उभा असतो, कधी धूसर, कधी अर्धा. ‘झूम’ करून पडदा भरला तर दोन्ही कडा कापल्या जातात आणि त्याच्यासोबत चित्रपटही. वर-खालच्या काळ्या पट्ट्या असू द्या.

सव्वादहाला सुरू केला तर बाराच्या आत संपतो. त्याआधी ॲपमधलं ‘ऑटोप्ले’ बंद करा, नाहीतर शेवटच्या चौकटी चालू असतानाच पुढच्या कुठल्या तरी चित्रपटाची जाहिरात पडद्यावर येते. पुढे पाहायचंच असेल तर १९८१ चा दुसरा भाग त्याच रात्री, पहिला जिथे संपतो तिथूनच सुरू होतो. २०१८ चा त्याच नावाचा चित्रपट फक्त पहिल्या भागाला धरून पुढे जातो, मधले सगळे भाग न पाहता तो कळतो.