आधी वाचावे, मग हाती द्यावे : आमची वाटचाल

सांगलीतील हरभट रोडवर आमचे दुकान सुरू झाले तेव्हा पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि वह्या मिळण्याचे ठिकाण एवढीच त्याची ओळख होती. कथा-कादंबऱ्यांसाठी मागच्या भिंतीलगत दोन कपाटे होती आणि जून-जुलैच्या गर्दीत तिकडे कुणी फिरकत नसे. पुढे या कपाटांनी सगळे दुकानच व्यापले, त्याला निमित्त झाले ते वाचकांच्या एका प्रश्नाचे. जुलै २००७ मध्ये हॅरी पॉटरच्या मालिकेचा सातवा आणि अखेरचा भाग आला, मुलांनी तो वाचून संपवला, आणि त्यानंतर कितीतरी महिने मुले आणि त्यांचे आईवडील ‘आता पुढे काय वाचायचे?’ असे विचारत येत राहिले. वितरकाच्या यादीत याचे उत्तर नव्हते. तिच्यात किंमत, पृष्ठसंख्या आणि सवलतीचा टक्का असे. पुस्तकातील जादू कोणत्या जातीची आहे, बारा वर्षांच्या मुलाला ते पेलेल का, मालिका पूर्ण झाली आहे की अर्धवट आहे, याबद्दल एक शब्दही नसे. हे सांगण्याचे काम कुणीतरी केले पाहिजे आणि ते पुस्तक विकणाऱ्यानेच केले पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटले. फँटसी म्हणजेच अद्भुत साहित्य आधी स्वतः वाचायचे आणि मग त्याविषयी वाचकाला सांगायचे, याच कामावर आज आमचा व्यवसाय मुख्यतः उभा आहे.

सुरुवातीला मी आणि सौ. असे दोघेच वाचत असू. पुस्तक वाचून झाले की त्याविषयी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहायची, ती मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटवायची आणि तिची नक्कल नोंदवहीत उतरवायची, अशी पद्धत पडली. अनामत आणि मासिक वर्गणी घेऊन पुस्तके घरी नेऊ देण्याची सोयही त्याच सुमारास केली, कारण पाचशे-सातशे रुपयांचे इंग्रजी पुस्तक केवळ आमच्या शब्दावर विकत घ्या, असे कोणाला सांगणे योग्य वाटेना. चिठ्ठीचे नियम तेव्हा ठरले ते आजही तेच आहेत. पुस्तक अखेरपर्यंत वाचल्याशिवाय त्यावर लिहायचे नाही. मध्येच सोडले असेल तर कोणत्या पानावर आणि का सोडले ते स्पष्ट लिहायचे. आणि लेखकाकडून किंवा प्रकाशकाकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत.

वाचत गेलो तसे एक गोष्ट पक्की लक्षात आली. ‘मला फँटसी आवडत नाही’ असे सांगणाऱ्या बहुतेक वाचकांची गाठ या प्रांतातील एकाच प्रकाराशी पडलेली असते, आणि तो बहुधा राजपुत्र, भविष्यवाणी आणि अंधाराचा स्वामी असलेला महाकाव्यासारखा प्रकार असतो. या साहित्याच्या अभ्यासक फाराह मेंडलसोन यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अद्भुत गोष्ट वाचकासमोर कशी येते यावरून चार मुख्य वर्ग केले आहेत, आणि परीक्षण लिहिताना त्यांचा आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला. एका वर्गात नायक आपल्या ओळखीच्या जगातून दार ओलांडून दुसऱ्या जगात जातो आणि वाचक त्याच्याबरोबर ते जग शिकत जातो. दुसऱ्यात पात्रे त्या जगातच जन्मलेली असतात आणि वाचकाला कुणी काही समजावून सांगत नाही. तिसऱ्यात अद्भुत गोष्टच आपल्या घरात शिरते, आणि चौथ्यात ती उंबरठ्यावर घुटमळत राहते, म्हणजे घडले ते खरोखर अद्भुत होते की नव्हते, हेच निश्चित होत नाही.

या वर्गवारीमुळे परीक्षणाची सगळी दिशाच बदलते. दार ओलांडण्याच्या कथेत म्हाताऱ्या मार्गदर्शकाने चार पाने माहिती सांगितली, तर तो दोष मानण्याचे कारण नाही. परंतु त्या जगातच जन्मलेली पात्रे एकमेकांना ठाऊक असलेला इतिहास एकमेकांना सांगू लागली, तर ती लेखकाची उणीव आहे आणि चिठ्ठीत तसे यायलाच हवे. घरात शिरणाऱ्या अद्भुताचे सामर्थ्य मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही, कारण नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर आमच्याकडील कितीतरी वाचकांचे तारुण्य पोसले आहे. अशा कथेत भीती पायरीपायरीने चढत गेली पाहिजे, आणि शेवटी तिचे स्पष्टीकरण दिले तर ते भीतीहून लहान वाटता कामा नये. उंबरठ्यावरच्या कथेकडे वळणाऱ्या वाचकाला मी जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा आधी सुचवतो. त्या या वर्गात तंतोतंत बसतात असा माझा दावा नाही, पण अनिश्चिततेत शांतपणे थांबण्याची सवय त्या लावतात.

याखेरीज प्रकाशक आणि वाचक यांच्या व्यवहारात रुळलेली उपप्रकारांची नावे आहेत आणि त्यांत दरवर्षी भर पडते. विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ज्यातील जादूला पक्के नियम आहेत अशी पुस्तके मनापासून आवडतात. ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली मांडलेले तत्त्व त्यांना तोंडपाठ असते: वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकाच तिचा उपयोग लेखकाने पेच सोडवण्यासाठी करावा. याच विद्यार्थ्यांमुळे नायक पायरीपायरीने सामर्थ्य मिळवत जातो तो प्रकारही आम्ही ठेवू लागलो. त्यातील पुष्कळ पुस्तकांत तीच चढण पुन्हापुन्हा येते, आणि मी ते चिठ्ठीत लिहितो. तरीही परीक्षा संपल्यावर एका बैठकीत तीनशे पाने वाचण्याचा आनंद ती पुस्तके देतात, हेही तितक्याच मोकळेपणाने लिहितो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हलक्याफुलक्या, उबदार फँटसीचा प्रकार आहे. ट्रॅव्हिस बॉलड्री यांच्या २०२२ मधील कादंबरीत लढाईला कंटाळलेली एक ऑर्क (फँटसीतील राक्षसासारख्या जमातीची) योद्धी तलवार बाजूला ठेवून कॉफीचे दुकान काढते, आणि जगाचे भवितव्य कोठेही पणाला लागत नाही. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या एका बाईंनी या एका पुस्तकानंतर सगळे कपाट वाचून काढले. क्रूर, काळोख्या फँटसीच्या चिठ्ठीत मात्र हिंसा कोणत्या प्रकारची आहे, ते आम्ही न चुकता लिहितो, आणि प्रेमकथाप्रधान फँटसीच्या चिठ्ठीत वाचकाचे योग्य वय नोंदवतो.

पुराणकथांवरील कादंबऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे. महाभारतातील पात्रांवरील कादंबरी फँटसीच्या कपाटात ठेवावी का, यावर आमच्याकडे बराच काळ चर्चा झाली. ज्या लेखकाने मूळ कथेला स्वतःचे जग आणि स्वतःचे नियम दिले आहेत त्याचे पुस्तक फँटसीत ठेवायचे, आणि ज्याचा हेतू मूळ कथा सांगणे किंवा तिचा अर्थ लावणे हा आहे त्याचे स्वतंत्र ठेवायचे, असे आम्ही ठरवले. वाचक ते पुस्तक कोणत्या भावनेने हाती घेतो, त्याचा मान राखणे मला आवश्यक वाटते.

नवी पुस्तके शोधण्याचे आमचे मार्ग हळूहळू वाढत गेले. पुरस्कारांच्या अंतिम याद्या हा त्यांतील सोपा मार्ग आहे. एन. के. जेमिसिन यांच्या एकाच त्रयीतील तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा ती मागवताना विचार करावा लागला नाही. मात्र पहिल्या भागातील काही प्रकरणे ‘तू’ असे संबोधून लिहिलेली आहेत आणि पन्नास पाने धीर धरावा लागतो, हे चिठ्ठीत लिहिल्यामुळेच ती त्रयी सांगलीत पूर्ण वाचली गेली. ताशा सूरी यांच्या ‘द जास्मिन थ्रोन’ला २०२२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. श्रीलंकेचे वज्र चंद्रशेखर यांच्या २०२३ मधील ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ला याच प्रांतातील नेब्युला पुरस्कार मिळाला, आणि त्यातील धर्मपंथ, सरकारी कचेऱ्या आणि ओळखपत्रांचे जग आमच्या वाचकांना परके वाटले नाही.

अधिक मोलाचा मार्ग मार्क लॉरेन्स या लेखकाने २०१५ साली सुरू केलेल्या स्पर्धेने दाखवला. लेखकांनी स्वखर्चाने छापलेली ३०० पुस्तके तेथे परीक्षकांच्या १० गटांत वाटली जातात, प्रत्येक गट आपल्या ३० पुस्तकांतून एक निवडतो, आणि मग ती १० पुस्तके सर्व गट वाचून गुण देतात. एम. एल. वाँग यांची ‘द सोर्ड ऑफ कायगेन’ ही कादंबरी अशीच वर आली. तिची नायिका संसारात अडकलेली, शस्त्रविद्या लपवून ठेवलेली एक आई आहे, आणि मिरजेच्या ज्या वाचक भगिनीने ती प्रथम नेली, तिने ती आपल्या सगळ्या भिशीला वाचायला लावली.

मालिका हा आमच्या व्यवहाराचा सर्वांत कठीण भाग आहे. पहिला भाग वीस जण नेतात, तिसरा चार जण. तरीही तिसरा नसेल तर पहिला कोणी नेत नाही. काही वेळा मधला भाग छपाईबाहेर जातो. म्हणून मालिका पूर्ण आहे की नाही हे चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत लिहिण्याचा दंडक आम्ही घातला, आणि पहिल्याच भागात जिची कथा समाधानकारक ठिकाणी थांबते अशा मालिकेला खरेदीत प्राधान्य देतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली आणि हरभट रोडवरील आमच्या दुकानात पाणी शिरले. शहराच्या नगर वाचनालयाचीही हजारो पुस्तके त्या पुरात गेली. आमचा पाठ्यपुस्तकांचा सगळा साठा आणि कपाटांतील पुस्तके भिजून फुगली आणि फेकून द्यावी लागली. वाचली ती वाचकांच्या घरी असलेली पुस्तके आणि आमच्या राहत्या घरी ठेवलेल्या नोंदवह्या. पाणी ओसरल्यावर विश्रामबाग, मिरज, माधवनगर येथून वाचक स्वतःहून पुस्तके आणून देऊ लागले, काहींनी तर स्वतःच्या मालकीच्या प्रतीही दिल्या. परत आलेल्या त्या ढिगाकडे पाहून एक निर्णय सोपा झाला: पूर आला त्या दिवशी जी पुस्तके लोकांच्या उशाशी होती, त्यांच्याभोवतीच नवा संग्रह उभारायचा. पाठ्यपुस्तकांचा धंदा आम्ही पुन्हा सुरू केला नाही. विश्रामबागेत लहान जागा घेतली आणि तेथे केवळ अद्भुत साहित्य ठेवले.

नव्या जागेत मराठीला स्वतंत्र भिंत दिली आहे, आणि ती भरण्याची आम्हाला विशेष आस आहे. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्या काळच्या नाटकांत आरोळ्या ठोकत येणारी राक्षसपार्टी पाहायला लोक रात्र रात्र बसत. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळातही अद्भुतरम्य कथा होत्या: ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. नवे मराठी लेखन आम्ही मुख्यतः ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांतून शोधतो, कारण एखादा लेखक कादंबरीपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी तेथे दिसतो. तासगाव, विटा, जत येथील तरुण स्वखर्चाने छापलेली पुस्तके विक्रीसाठी ठेवायला आणतात, तीही आम्ही त्याच नियमाने वाचतो. एका तरुणाच्या कादंबरीची पहिली साठ पाने राजवंशांच्या हकिकतींत गेली होती आणि खरी कथा दुष्काळी माळावर पाऊस विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची होती. आम्ही चिठ्ठीत नेमके तेच लिहिले आणि त्याला दाखवूनच ती चिकटवली. ‘काका, पुढच्या आवृत्तीत व्यापाऱ्यापासूनच सुरुवात करतो,’ असे तो म्हणाला, आणि त्याने तशी केलीही. आज आमच्या मराठी भिंतीवरून सर्वांत जास्त वेळा बाहेर जाणारे पुस्तक तेच आहे.

सध्या १८६१ पासूनच्या मराठी अद्भुतकथांची टिपणांसह सूची करण्याचे काम चालू आहे. त्यासाठी दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे आणि छपाईबाहेर गेलेल्या कादंबऱ्या हव्या आहेत. ज्यांच्या माळ्यावर अशा प्रती असतील त्यांनी त्या विश्रामबागेतील दुकानात आणाव्यात. आम्ही त्या वाचून, आवश्यक पानांची नक्कल करून आणि बांधणी सैल झाली असल्यास स्वखर्चाने दुरुस्त करून मालकाला परत करू.