तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी झाडं कुठे गेली?

"तुम्ही लँडस्केपवाले ना? मग रिडेव्हलपमेंट झाली की नुसते पाम आणि चाफेच का? आमच्या जुन्या म्हाडा कॉलनीत केवढी झाडं होती!"

होती. कारण मुळांखाली जमीन होती. आता पोडियम आहे, म्हणजे जमिनीच्या वर उचललेला स्लॅब, आणि त्याखाली गाड्या. ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. मोठ्या झाडाला दीड मीटर माती दिली तर स्लॅबवर चौरस मीटरला तीन टन, झाडाचं वजन वेगळंच. मला मिळते अर्धा-पाऊण मीटर. त्यात चाफा तगतो.

पूर्व उपनगरातल्या एका कॉलनीतला उंबर मात्र मला सुटत नाही. खाली पार, पारावर दत्ताच्या पादुका. तो नेमका बेसमेंटच्या रॅम्पवर येत होता. मी रॅम्प वळवून दाखवला. १४ गाड्यांची जागा जात होती. सभेत विषय आला. एक आजी म्हणाल्या, "दत्ताचं झाड आहे, तोडायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मतदान झालं आणि पार्किंग जिंकलं. मधला मार्ग काय, तर उंबर हलवा. फांद्या छाटल्या, मुळांचा गोळा गोणपाटात बांधला, क्रेन आणली. पावसाळ्यात पालवी फुटली तेव्हा मला फोटो पाठवून अभिनंदन केलं. पुढच्या उन्हाळ्यात तो वाळला. त्याच सभेतले लोक आज मला झाडांचं विचारतात.

खरं सांगू? माझ्या सोसायटीत असं मतदान झालं असतं, तर मीही गाडीलाच हात वर केला असता. रात्री दहाला जागा शोधत फिरून बघा.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे प्लॉटमधली सक्तीची मोकळी जागा) जमिनीवरच हवं म्हटलं, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. पुढे नव्या नियमावलीत त्यातला काही भाग पोडियमवर चालू लागला. २०२१ पासून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असतात. चाळीस वर्षांच्या झाडामागे ४०. ती लावायची कुठे?

पेढे वाटणारा तेव्हाचा मी म्हणेल, असली कामं घेऊच नयेत. नाही घेतली तर दुसरा कोणी कृत्रिम गवत अंथरून मोकळा होईल. हे उत्तर त्याला पटणार नाही. मलाही रोज पटतं असं नाही. सध्या मी एवढ्यावरच भांडतो: बेसमेंट प्लॉटच्या हद्दीपर्यंत नेऊ नका, एका कडेला जमीन सोडा. काही जण सोडतात. तिथे मग ट्रान्सफॉर्मर येतो.