ऑक्टोबरनंतर राहू देणार का, ते आधी विचारा

गोव्यात शिकायला येऊन बाहेर खोली घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आधी सांगते. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी कधी येतं, हे सगळं नंतर. घरमालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "ऑक्टोबरनंतरही राहायला मिळेल ना?"

आपले प्रवेश होतात जून-जुलैत. तेव्हा धो धो पाऊस असतो, पर्यटक कमी असतात, आणि गावोगावच्या गेटांवर 'टू लेट'च्या पाट्या लटकत असतात. घरमालक प्रेमाने बोलतात, भाडंही थोडं उतरवून देतात. आपल्याला वाटतं, झालं काम. पण ऑक्टोबर लागला की सीझन सुरू होतो. महिनाभराचं जे भाडं आपण पै-पै जोडून देतो, तेवढे पैसे सुट्टीला आलेलं एखादं जोडपं चार-पाच रात्रींत मोजून जातं. मग सप्टेंबरच्या शेवटी फोन येतो, "घराचं काम काढायचंय, खोली रिकामी करून द्या." आमची सेमिस्टरची परीक्षा असते नोव्हेंबर-डिसेंबरात.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीवर ही वेळ आली. दोना पावलच्या बाजूला तिची खोली होती, स्वच्छ, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करायच्या आठवड्यात तिला सामान उचलायला लावलं. स्कूटरवर पुढे गॅसची शेगडी, मागे माझ्या मांडीवर उकड्या तांदळाची पिशवी आणि सगळी पुस्तकं, असं आम्ही दोघींनी तिचं बिऱ्हाड हलवलं. ती आमच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिली, आणि तशीच परीक्षा दिली. त्या घरमालकाने कायदा मोडला असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं. मला मात्र त्याचा राग आला आणि अजून येतो.

गोव्यात घरं कमी आहेत म्हणून हे होतं, असंही नाही. २०११च्या जनगणनेत इथलं साधारण पाचातलं एक घर रिकामं आढळलं होतं. कुणी मुंबईत, कुणी आखातात, कुणी लंडनला, आणि कुणी दिल्लीत बसून इथे गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवलेला. संध्याकाळी विद्यापीठाच्या लायब्ररीतून दोना पावलच्या उतारावरून चालत या आणि वर बघा. अख्ख्या इमारतीत तीन-चार खिडक्यांत दिवा. आणि खाली रस्त्यावर आपल्यासारखी मुलं खोली शोधत फिरतायत.

मी कुडाळची. ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात मरीन सायन्सला आले. हॉस्टेलच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे बाहेर राहायचं हे घरी आधीच ठरलं होतं. पणजी मुंबई-पुण्याएवढी नसेल, पण कुडाळच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुलीला ती मोठीच वाटते, कारण इथे तुम्हाला कुणी ओळखत नसतं. कुडाळात 'अमक्याची मुलगी' म्हटलं की दार उघडतं. इथे दार उघडायला दुसरं काहीतरी लागतं.

आधी मोबाईलवर शोधलं. त्यात दोन गोष्टी कळल्या. एक, फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच खोलीचे असतात. दुसरी जास्त महत्त्वाची. "मी सैन्यात आहे, बदली झालीय, फ्लॅट रिकामा आहे, चावी पाठवतो, आधी टोकन भरा," असा मेसेज आला की तिथेच थांबा. "मी तुम्हाला पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा," असंही सांगतात. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ते दोन्ही फक्त पैसे द्यायला लागतं. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. एजंट एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतात, तो त्यांचा धंदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विद्यार्थ्याच्या बजेटातली खोली दाखवायला ते फारसे उत्सुक नसतात.

मग बाबा दोन दिवसांची रजा काढून आले आणि आम्ही चालत सुटलो.

कुठे बघायचं ते सांगते. दोना पावल आणि करंझाळे महाग, आणि सीझनचा धोका तिथेच सगळ्यात जास्त. बांबोळीला मेडिकल कॉलेज असल्याने तिथल्या खोल्या डॉक्टर मुलं, नर्सेस आणि पेशंटचे नातेवाईक यांच्यातच संपतात. सांताक्रुझ चांगलं, जुनी घरं, भाडं बेताचं, पण सखल भागात पावसाचं पाणी साचतं का ते शेजाऱ्यांना विचारा. पणजीत मळा आणि फोंताइन्याश दिसायला फार सुंदर, म्हणूनच आता तिथे घरांपेक्षा गेस्ट हाऊसच जास्त दिसतात. बेतीचा विचार मात्र जरूर करा. मांडवीच्या पलीकडे, पणजीच्या समोरच. फेरीबोटीने माणसाला तिकीट नाही, काही मिनिटांत पणजीच्या धक्क्यावर. तिथून पुढे पठारावर यायला दुसरी बस लागते, आणि मुसळधार पावसात हे दोन टप्पे अंगावर येतात. तरी आमच्यातली दोन मुलं बेतीला राहतात आणि खूश आहेत.

बसचं आधीच पाहून ठेवा. खाजगी बसेस दिवसा पाठोपाठ असतात, पण रात्री आठनंतर विरळ होत जातात. लॅबमधून उशिरा सुटणाऱ्याने खोलीचं अंतर रात्रीच्या हिशोबाने मोजावं. पायलट मिळतात, म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवाले, पण रोज ते परवडणारं नाही.

आम्हाला खोली मिळाली ती ताळगावात, आणि ती कुठल्याच यादीत नव्हती.

पाऊस एवढा होता की आम्ही एका पोसऱ्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, पत्र्याखाली उभे होतो. दुकानदाराला बाबांनी सहज विचारलं. तो म्हणाला, मला ठाऊक नाही, पण थांबा, आता पोदेर येईल. थोड्या वेळाने पों पों करत पाववाला आला. सायकलवर मागे वेताची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आणि प्लास्टिक उचललं की आतून गरम पोयांची, म्हणजे गव्हाच्या पावांची, वाफ. त्याने दुकानात पाव मोजून दिले, आमच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, पलीकडच्या वाडीत एक आंटी आहे. आधी तिच्याकडे सहा पोया लागायच्या, मुलगा बोटीवर गेल्यापासून दोन लागतात. वरची खोली बंद आहे. पाटी लावत नाही, कुणीही येऊन विचारतं म्हणून.

गावातलं कुठलं घर भरलेलं आणि कुठलं रिकामं, हे रोज सकाळ-संध्याकाळ दारोदार जाणाऱ्या त्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. पोदेराला विचारा, पोसऱ्यावर विचारा, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा.

आंटी बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसली होती. आम्हाला भिजलेलं पाहून "किदें जाय?" म्हणजे काय हवंय, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "भितर यो," आत ये. आधार कार्ड तिने नंतर मागितलं. आधी गाव विचारलं, घरात कोण कोण आहे, मी रात्री किती वाजता येणार, मासे खाते की नाही. बाबा मालवणीत बोलत होते, ती कोकणीत. बांगड्याचे भाव, उकड्या तांदळाची पेज, कुडाळला पाऊस कसा आहे, अशा गप्पा अर्धा तास चालल्या. मी मनात म्हणत होते, बाबा, खोलीचं विचारा. पण खोलीचंच बोलणं चाललं होतं, हे मला पुढे कळलं. एकट्या राहणाऱ्या बाईला आपल्या जिन्यावरून रोज कोण वर-खाली करणार ते पारखायचं होतं, आणि बाबांना आपली मुलगी कुणाच्या घरात राहणार ते.

वर गेल्यावर बाबांनी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. कपाट थोडं पुढे ओढलं आणि मागच्या भिंतीला तळहात टेकवून ठेवला. हात ओला झाला तर खोली घ्यायची नाही. भर जुलैत ताज्या रंगाचा वास आला तरी सावध व्हायचं, खाली बुरशी लपवलेली असू शकते. गोव्याच्या पावसात ओल धरणाऱ्या खोलीत गादी, कपडे, पुस्तकं, सगळ्याला पांढरी बुरशी येते आणि खोकला महिनोन्महिने जात नाही. मग नळ सोडून पाहिला, टाकी किती मोठी ते पाहिलं. विजेचा मीटर वेगळा आहे की घरमालक स्वतःच्या मनाने युनिटचा दर लावणार, हे विचारलं. घरगुती विजेचा सरकारी दर इथे बऱ्यापैकी कमी आहे, काही ठिकाणी मुलांकडून त्याच्या कितीतरी पट घेतात. सरकारी बिल बघायला मागायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भाडं बारा हजार ठरलं, मी आणि माझी रूममेट अशा दोघींत सहा-सहा. डिपॉझिट दोन महिन्यांचं.

करार म्हटल्यावर मात्र आंटी थबकली. "कागद कशाला? मी काय तुला बाहेर काढणार आहे?" म्हणाली. मला आधी वाटलं, टाळतेय. लॉ करणाऱ्या एका मैत्रिणीने नंतर समजावलं की इथल्या जुन्या घरमालकांच्या मनात कागदाची एक जुनी भीती असते. गोव्यात १९७५चा मुंडकार कायदा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, त्या कायद्याने संरक्षण दिलं, राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला. गरिबांसाठी ती फार मोठी गोष्ट होती, आणि व्हायलाच हवी होती. पण तेव्हापासून 'राहायला दिलं की जागा गेली' ही धास्ती कित्येक घरांत बसली आहे. खरं तर भाडं देऊन राहणारा मुंडकार ठरत नाही. म्हणजे दर महिन्याला दिलेली भाड्याची पावती ही जशी माझ्या कामाची, तशीच आंटीच्याही. हे तिला नीट सांगितल्यावर ती तयार झाली.

बाबा विचारत होते, रजिस्ट्रेशन कधी करायचं? कारण आपल्याकडे महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे कितीही महिन्यांचा करार असो, तो नोंदवावाच लागतो. गोव्यात तो कायदा नाही. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून इथे स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार करून नोटरीकडून शिक्का घेण्याची पद्धत आहे. जुलै ते मे धरले तर अकराच महिने होतात. आपलं शैक्षणिक वर्ष त्यात बरोबर बसतं, त्यामुळे पूर्ण अकरा महिने लिहून घ्या, 'सध्या सप्टेंबरपर्यंत, मग बघू' नको.

आमच्या करारात दोन ओळी आम्ही मुद्दाम घातल्या. मुदत संपेपर्यंत पर्यटकांना देण्यासाठी खोली रिकामी करायला सांगणार नाही, ही एक. दुसरी आंटीने घातली: नाताळात मुलगा आणि सून आले तर आठवडाभर खोली त्यांना द्यायची. मी तेव्हा कुडाळलाच असते, म्हणून आनंदाने सही केली. हिंदू घरांत हेच चवथीला होतं. बंद घरं उघडतात, मुंबईची मंडळी येतात, आणि भाड्याची खोली चार-आठ दिवस हवी असते. आधी बोलून ठेवलं तर त्यात कुणाचंच मन दुखावत नाही, तसेही आपण गणपतीला घरीच जातो.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. त्याचा फॉर्म घरमालकाने भरायचा, आपण फोटो आणि आधारची प्रत द्यायची. एकट्याने आलेल्या मुलींनी हे अडचण समजू नये. कुठल्या घरात राहतो त्याची कुठेतरी नोंद असणं बरंच. घरमालक टाळत असेल तर का टाळतोय ते विचारा.

जेवणाचं थोडक्यात: शेगडी वापरू देतात का, आणि मासे तळलेले चालतात का, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या. आंटीची एकच अट आहे, तळताना मागचं दार उघडं ठेवायचं. रविवारी ती स्वतःच वाटीभर कढी वर पाठवते.

माझी रूममेट शेवटची परीक्षा देऊन या जूनमध्ये डिचोलीला परत जातेय. म्हणजे जुलैपासून आमच्या खोलीत एक जागा रिकामी होईल. खिडकीकडचा पलंग, स्वतंत्र कपाट, पठारावर चालत वीस-पंचवीस मिनिटं, चढ आहे. आंटी पाटी लावणार नाही, तिने शोधायचं काम माझ्यावर टाकलंय. पहिल्या वर्षाला येणारी सिंधुदुर्गातली किंवा सत्तरी-पेडण्याकडची कुणी मुलगी असेल तर खाली लिहा. आणि येताना आई किंवा बाबांना बरोबर आणा, आंटीला त्यांच्याशी बोलायचं असेल.