परीक्षा भवनाचं कुलूप

परीक्षा भवनाच्या जाळीच्या दरवाजाला विद्यार्थ्यांनी स्वतःचं कुलूप लावलं, तेव्हा आत सगळा कर्मचारीवर्ग होता. हिवाळी सत्राचा एम.एस्सी.चा निकाल रखडला होता. २०१६च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. ती मुदत कधीच उलटली होती. निवेदनं देऊन झाली, 'लवकरच' हे उत्तर ऐकून झालं, मग कुलूप आलं. मी तेव्हा विद्यार्थी विकास संचालक होतो.

कुलगुरू बैठकीसाठी मुंबईला गेले होते. कुलसचिवांच्या दालनात अधिष्ठाते आणि विभागप्रमुख जमले. बहुतेकांचं मत एकच, पोलीस बोलवा. पत्र टाइप होऊन टेबलावर आलंसुद्धा. सही तेवढी बाकी होती.

मी पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेची आठवण करून दिली. ऑगस्ट २०१५मध्ये तिथे संचालकांना घेराव पडला आणि दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा पोलिसांनी पाच विद्यार्थ्यांना अटक केली. घेरावाचं कारण होतं रखडलेल्या प्रकल्पांचं मूल्यमापन. पण नंतर चर्चा झाली ती मध्यरात्रीच्या अटकेची. तिथे आधीपासून सुरू असलेला विद्यार्थ्यांचा संप एकूण १३९ दिवस चालला. "सर, सही करण्याआधी मला एकदा खाली जाऊ द्या," मी म्हटलं.

माणसं कोंडून ठेवणं मला मान्य नव्हतं, आजही नाही. आतल्या एका बाईंची मधुमेहाची औषधं बाहेर गाडीत राहिली होती. दारापाशी उभ्या असलेल्या मुलीला मी तेच सांगितलं, "अगं, पायऱ्यांवर बसा, मीही बसतो तुमच्याबरोबर. पण त्यांना सोडा."

"सर, कुलूप काढलं की तुम्ही सगळे गाड्यांत बसून निघून जाल." तिने मोबाइल पुढे केला. नावासमोर 'निकाल राखीव'. "सोमवारी पीएच.डी.ची कागदपत्र पडताळणी आहे. गुणपत्रक नाही तर जागा गेली."

औषधं तिने तेवढ्यात जाळीतून आत दिली.

मी वर जाऊन कुलसचिवांना म्हटलं, "शिष्टमंडळ वर बोलवू नका. आपणच खाली जाऊ." त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि परीक्षा संचालकांना घेऊन आले. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून फार आदर आहे. पायऱ्यांवर बसून परीक्षा संचालकांनी पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं: दोन विषयांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कॅप सेंटरवर, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्रावर, तसेच पडून आहेत, परीक्षक येत नाहीत, कारण मागच्या सत्राचं मानधन थकलंय. निम्मी पदं रिकामी, शिकवणारे तासिका तत्त्वावरचे. बिनपैशांनी ते तरी किती पेपर तपासणार?

घोषणा थांबल्या. मागे उभे असलेले त्याच विभागाचे दोन प्राध्यापक म्हणाले, "आम्ही आजपासून बसतो तपासायला." ज्यांचे प्रवेश अडले होते त्यांचे पेपर आधी घ्यायचे आणि गोपनीय निकाल थेट त्या त्या संस्थेला पाठवायचा, असं तारीख घालून लिहून दिलं. संध्याकाळी मुलांनीच कुलूप काढलं. शुक्रवारी रात्री त्या मुलीचा निकाल गेला.

पुढे शिस्तपालन समितीत काहींनी मुलांना विद्यापीठातून काढून टाका म्हणून आग्रह धरला. मी विरोध नोंदवला: कर्मचाऱ्यांची लेखी माफी मागायला लावा, वर्ष वाया घालवू नका, आणि ४५ दिवसांची मुदत कोणी चुकवली तेही नोंदवा. माफीवर प्रकरण मिटलं. मुदतीचा मुद्दा मात्र इतिवृत्तात आलाच नाही. त्यासाठी मी व्यवस्थापन परिषदेला वेगळं पत्र दिलं, थकलेल्या मानधनाची यादी जोडून.